स्केचची वही आठ दिवसांत बंद पडते, रोज चालू ठेवायची कशी?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही सांगलीत विश्रामबागला राहता, नोकरी मिरजेत बँकेत, घरी सासूबाई आणि तिसरीतला मुलगा. शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षांना ए ग्रेड होती, पुढं सगळं सुटलं. आता दोन-तीनदा छान वही आणून रोज एक चित्र आणि चार ओळी लिखाण असं सुरू केलं पण आठवडाभरात बंद पडतं, काढायला सुचत नाही, काढलेलं आवडत नाही आणि वेळही मिळत नाही. मी हायस्कूलला चित्रकला शिकवण्यात आयुष्य घातलंय, स्वतःची वही अजून रोज चालू आहे आणि वही टिकणारी नि न टिकणारी अशी दोन्ही प्रकारची माणसं भरपूर बघितलीत, त्यामुळं जरा ऐसपैस लिहितो, चालवून घ्या.

आधी एकच सांगतो, बाकीचं सगळं त्याच्या पोटात येतं. रोज नवीन काय काढू हा प्रश्नच सोडून द्या. एक ठरलेली गोष्ट धरा आणि तीच काढत राहा, वर्षभर. एकच झाड, एकच खिडकी, एकच स्टॉप, काहीही चालेल, फक्त दोन अटी, ती रोज तुमच्या वाटेत आली पाहिजे आणि ती बदलणारी पाहिजे. तुम्हाला वाटेल की कंटाळा येईल, पण मी बघितलंय ते बरोब्बर उलटं आहे. नवीन विषय शोधणाऱ्याची वही लवकर बंद पडते कारण त्याची निम्मी ताकद शोधण्यातच जाते, आणि दमून घरी आल्यावर नऊ वाजता 'आज काय काढू' असं स्वतःला विचारलं की उत्तर 'उद्या बघू' असंच येणार. ठरलेली गोष्ट असली की विचारायचंच काही राहत नाही, काल कुठं होतं आणि आज कुठं आलंय एवढंच बघायचं. आणि काल काढलेलं असतं म्हणून आज बघावंसं वाटतं, ही ओढ कुठल्याही चॅलेंजनं आणि अ‍ॅपच्या रिमाइंडरनं येत नाही.

माझी ठरलेली गोष्ट म्हणजे कृष्णेचा घाट. सरकारी घाटावर एका ठराविक जागी बसलं की खाली पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या आणि पलीकडं सांगलीवाडीचा काठ. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की पायऱ्यांवर वाळलेल्या शेवाळाचा पांढरट पट्टा दिसतो, जून संपता संपता पाण्याचा रंग तांबूस होतो आणि जुलै-ऑगस्टात एकेक पायरी जायला लागते. त्या दिवसांत अख्ख्या सांगलीचं लक्ष आयर्विन पुलाजवळच्या पाण्याच्या पातळीवर असतं, ४० फुटाला इशारा आणि ४५ फुटाला धोका हे इथल्या बारक्या पोरांनाही पाठ आहे. मी चित्राच्या कोपऱ्यात तो फुटाचा आकडा लिहितो, कोयना धरणातून किती क्युसेक पाणी सोडलंय ते लिहितो, आणि घाटावर बसलेली माणसं काय बोलत होती त्यातली एखादी ओळ लिहितो. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा घाट कुठला आणि नदी कुठली, काढायला जागाच उरली नव्हती, तेव्हा दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून दिसेल तेवढं काढलं. त्या आठवड्याचे फोटो सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहेत पण कोणत्या दिवशी किती वाजता पाणी समोरच्या दुकानाच्या कितव्या फळीपर्यंत आलं होतं हे कुणाला आठवत नाही, वहीत ते आहे.

आता हीच गोष्ट परत परत काढल्यानं हाताला काय मिळतं ते पायऱ्यांवरूनच सांगतो. पहिल्यांदा पायऱ्या काढताना सगळेच आडव्या रेषा एकाखाली एक सारख्या अंतरानं मारतात आणि मग ते चित्र शिडी होऊन बसतं. नीट बघितलं तर डोळ्याच्या उंचीवर जी पायरी असते तिचा वरचा भाग अजिबात दिसत नाही, नुसती एक कड दिसते. त्याच्या वरच्या पायऱ्यांची फक्त उभी बाजू दिसते. डोळ्याच्या खालच्या पायऱ्यांचा वरचा सपाट भाग दिसायला लागतो आणि जेवढं खाली जाल तेवढा तो जास्त रुंद दिसतो. हे पुस्तकात यथार्थदर्शन म्हणून शिकलेलं असतं, नेत्रपातळीची रेघ वगैरे, पण घाटावर बसून चार-पाच वेळा तेच काढल्यावर ते कळतं, आणि एकदा कळलं की टेबल, कपाट, पुस्तकांचा गठ्ठा, सगळीकडं तेच दिसतं. मग मी दुसरी गोष्ट बघायला लागलो, ओल्या दगडाची कड. पाणी उतरत असेल तर पाण्याच्या वर एक काळपट ओला पट्टा असतो आणि चढत असेल तर तो पट्टा फारसा नसतोच, कोरडा दगड थेट पाण्यात जातो. पेन्सिलीनं तो पट्टा गडद केला की चित्र बघणाऱ्याला पाणी उतरतंय की चढतंय हे कळतं. अशी गोष्ट रोज नवा विषय घेणाऱ्याला कधी दिसायची नाही.

तुम्हाला घाटावर रोज येणं जमणार नाही, नकोच. तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून जे झाड दिसत असेल ते घ्या. शेवगा असेल तर फारच चांगलं, पानं झडतात, फुलांचे घोस येतात, शेंगा लोंबतात, कुणीतरी येऊन छाटतं, परत फुटतं, वर्षभरात इतका बदलणारा दुसरा मॉडेल मिळणार नाही. नाहीतर स्टॉपवरची चहाची गाडी घ्या, ती मांडायची पद्धत, स्टोव्ह, बरण्या, पावसाळ्यात बांधलेला प्लास्टिकचा कागद. बँकेत तुमच्या काउंटरवर काय काय असतं ते सुद्धा चालतं, शिक्के, पॅड, दोरीनं बांधलेलं पेन, ऑक्टोबरात कुणीतरी दिलेलं दिवाळी कॅलेंडर. फक्त ग्राहकांची कागदपत्रं आणि सह्या वहीत येऊ देऊ नका, एवढी काळजी घ्या.

तुमच्या ए ग्रेडबद्दल बोलायला पाहिजे, कारण 'काढलेलं आवडत नाही' याचं मूळ मला तिथं दिसतं. इंटरमिजिएटपर्यंत आलेल्या मुलामुलींचा हात चांगला असतो, शेडिंग स्वच्छ असतं, पण स्मरणचित्राच्या, म्हणजे आठवून काढायच्या चित्राच्या पेपरसाठी क्लासमध्ये ठराविक माणसं पाठ करून घेतलेली असतात. डोक्यावर पाटी घेतलेली बाई, फुगेवाला, पाठमोरा फेटेवाला म्हातारा, आईचा हात धरलेलं पोर. मग विषय जत्रा येऊ दे नाहीतर बसस्थानक, तीच माणसं फिरवून मांडायची. परीक्षेला ते चालतं. पण पंधरा-वीस वर्षांनी तुम्ही स्टॉपवर उभं राहून समोरच्या बाईला काढायला जाता तेव्हा हात आपोआप ती पाठ केलेली बाई काढतो, डोळ्याला समोरची बाई दिसत असते, दोन्ही जुळत नाहीत आणि तुम्हाला वाटतं आपल्याला आता येत नाही. येतं हो, फक्त हाताची ती सवय मोडायला लागते.

मोडायची कशी, तर कागदाकडं न बघता काढायचं. डोळा वस्तूच्या कडेवर ठेवायचा आणि डोळा जितक्या हळू सरकेल तितक्याच हळू पेन्सिल सरकवायची, मध्ये उचलायची नाही, कागदाकडं बघायचं नाही. चित्र वाकडंतिकडं येणार, नाक गालाच्या बाहेर जाणार, येऊ दे. त्या वाकड्या रेषेत एखादी जागा अशी येते की ती पाठ केलेल्या आकारात कधीच नव्हती, पदराची एक घडी, मानेमागचा केसांचा अंबाडा सैल होऊन बाजूला आलेला. डाव्या पानावर असं एक काढायचं आणि मग उजव्या पानावर नेहमीसारखं बघून काढायचं. दोन मिनिटं जातात, जास्त नाही. माप चुकतंय असं वाटलं तर हात सरळ ताठ ठेवून, कोपर न वाकवता, एक डोळा मिटून पेन्सिलीवर अंगठ्यानं माप घ्यायची जुनी पद्धत आहेच, ती तुम्हाला शिकवलेली असणार. कोपर वाकलं की माप बदलतं, एवढंच लक्षात ठेवा.

आणि तेच स्मरणचित्र आता खऱ्या अर्थानं करा. रात्री वही उघडली आणि समोर काही नाही, अशा दिवशी दिवसभरात बघितलेलं एक काहीतरी आठवून काढायचं, मोबाइलमध्ये फोटो असला तरी तो उघडायचा नाही. समजा सिटी बसमधला कंडक्टर. टोपी आहे का नाही, तिकिटाचं मशीन कुठल्या हातात, पट्टा कुठल्या खांद्यावरून, बस वळताना तो पाठ कशाला टेकवतो. तुमचा हात कुठंतरी अडेल. अडला तिथं छोटं प्रश्नचिन्ह काढून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी बसमध्ये फक्त तेवढंच बघा, रात्री तेवढंच दुरुस्त करा. बघायची सवय लागायला मला यापेक्षा चांगला उपाय माहीत नाही आणि याला वेगळा वेळ लागत नाही, बसमध्ये तुम्ही बसलेल्याच असता. २०१६ साली कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रयोग करून दाखवलं होतं की एखादा शब्द लिहून काढण्यापेक्षा त्याचं चित्र काढलं तर तो जास्त लक्षात राहतो, अगदी चार सेकंदात काढलं तरी, आणि चित्र चांगलं आलंय का वाईट याचा त्यात फरक पडत नाही. मला हे वाचून लई बरं वाटलं होतं, कारण पोरांना आम्ही हेच सांगत आलोय.

आता वेळ. 'सकाळी पाच वाजता उठून' हा सल्ला मी कुणाला देत नाही, घरातलं सगळं करून नोकरीला जाणाऱ्या बाईला तर नाहीच. वेळ नवीन काढायचा नाही, जो थांबण्यात जातोच आहे तो घ्यायचा. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्याजवळ उभं राहावंच लागतं, तिथं शेवगा काढून होतो. बसची वाट बघण्यात, मुलाच्या क्लासबाहेर, दवाखान्यात नंबर येईपर्यंत. अशा वेळेत सात-आठ मिनिटं मिळतात आणि ती कधी संपतील ते आपल्या हातात नसतं, म्हणून मोठ्या आकारापासून सुरुवात करायची. माणूस असेल तर डोक्याचा आणि खांद्याचा कल आधी, उभं आहे का वाकलंय, वजन कुठल्या पायावर आहे, मग बाकीचं. डोळ्यापासून सुरू केलं आणि बस आली तर वहीत नुसता डोळा राहतो.

आणि बस आली की चित्र अर्धवट राहणारच. इथंच लिखाण कामाला येतं. अर्धवट चित्र घरी येऊन अंदाजानं पुरं करू नका, उरलेलं शब्दात लिहा, चित्राच्या रिकाम्या जागेतच. 'डावीकडं पत्र्याची शेड, गंजून तांबडी, सावलीत जांभळट.' 'बाईच्या पिशवीतून मेथीची जुडी बाहेर.' 'पोरगं झोपलेलं, चप्पल एकच.' बाहेर रंग न्यायला जमत नाहीत म्हणून रंगांची नावं चित्रावरच लिहून ठेवणं ही चित्रकारांची जुनीच पद्धत आहे. तुम्ही विचारलंय की चित्राची वही वेगळी आणि डायरी वेगळी ठेवू का. नको. वेगळी ठेवली की दोन्ही अर्ध्या राहतात. रेषेला वास येत नाही, आवाज येत नाही, भाव कळत नाही, आणि शब्दात पायरीचा उतार येत नाही. एकाच पानावर दोन्ही असू दे.

काय लिहायचं याबद्दल माझं मत जरा ठाम आहे. 'आज छान वाटलं', 'आज खूप कंटाळा आला' ही वाक्यं लिहायला सोपी आणि सहा महिन्यांनी वाचायला निरुपयोगी. किराणा दुकानदाराची उधारीची वही बघा, अक्षर कसलं का असेना, तारीख, नाव, काय नेलं, किती, हे चुकत नाही आणि ती रोज उघडली जाते. तसं लिहा. तारीख, वेळ, जागा, आभाळ कसं होतं, आणि कानावर पडलेलं एक वाक्य जसंच्या तसं, बोलणाऱ्याच्या बोलीत. 'औंदा हळदीला दर हाय पर माल कुटं हाय' असं मार्केट यार्डाच्या चहाच्या टपरीवर कुणी बोललं तर ते तसंच उतरवा, 'यंदा हळदीचा पुरवठा कमी आहे' असं करू नका. मन भरून आलं असेल, राग असेल, तेव्हा मनातलं लिहाच, त्याला माझी ना नाही, पण त्या दिवशी सुद्धा एक वस्तू समोर ठेवून काढा, पाण्याचा तांब्या, गोळ्यांचं पाकीट, काहीही. घरात आजारपण चालू असताना मी औषधाच्या बाटल्याच काढत होतो, त्या पानांवर मनातलं फारसं लिहिलेलं नाही तरी ती पानं बघितली की ते दिवस जसे होते तसे समोर येतात.

सुट्टीच्या दिवशी तासभर मिळाला तर मिरजेला सतार-तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत जा. तुम्ही रोज मिरजेत असता आणि तिकडं वळलेल्या नसाल, बहुतेकांचं असंच असतं. आधी विचारा, बसू का, काढू का, ओळखदेख नसली तरी नीट विचारलं तर सहसा नाही म्हणत नाहीत. काम करणारी माणसं काढायला अवघड वाटतात कारण हलतात, पण हातानं करायच्या कामात एक गंमत असते, हात फिरून फिरून त्याच जागी येतो. जवारी लावताना, म्हणजे तारेचा आवाज जमवताना बघा. घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, वरचा भाग कानशीनं अगदी थोडा घासायचा, तार छेडून बघायची, तारेखाली दोरा सरकवायचा, परत ऐकायचं, परत घासायचं. म्हणजे तीन-चार अवस्था आणि त्याच त्याच क्रमानं. पानावर चार जागा सोडा, प्रत्येक जागी एका अवस्थेचा हात सुरू करा आणि हात ज्या अवस्थेत येईल त्या चित्रावर दोन रेषा वाढवा. तार छेडतोय तर त्या चित्रावर, घासतोय तर त्या. वीस मिनिटांत चारही हात उभे राहतात, एकही फोटो न काढता. आणि बाजूला लिहा की दोरा सरकवल्यावर आवाजात काय फरक पडला, ते चित्रात येणार नाही. भाकरी थापणारे हात, फुलांचा हार करणारे हात, शिलाई मशीनवरचे हात, सगळ्यांना हीच पद्धत.

साहित्याबद्दल तुम्ही बरंच विचारलंय, मी थोडकंच सांगतो कारण वही साहित्यामुळं चालतही नाही आणि बंदही पडत नाही. महागडी वही मात्र एका बाबतीत नडते, पान खराब होईल म्हणून हात धजत नाही. ए फाइव्ह आकाराची, पर्समध्ये मावेल अशी, १३० ते १५० जीएसएम (कागदाच्या जाडीचा आकडा) कागदाची साधी वही घ्या, त्यावर पेन्सिल, पेन आणि हलका वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेला रंग, सगळं चालतं. पाण्याचे रंग भरपूर वापरायचे असतील तर २०० च्या पुढचा कागद लागतो नाहीतर पान वळतं. टू बी पेन्सिल आणि एक काळं पेन. खोडरबर घरी ठेवा, वहीबरोबर फिरवू नका. चुकलेली रेषा तशीच ठेवून शेजारी बरोबर रेषा मारली की दोन्हीमधून हात शिकतो.

पेनाबद्दल मात्र नीट ऐका, आपण नदीकाठची माणसं आहोत. २०१९ च्या पाण्यात माझ्या खालच्या कप्प्यातल्या वह्या भिजल्या. फाउंटन पेनच्या साध्या निळ्या शाईची पानं पार धुऊन गेली, निळे डाग उरले. पेन्सिलीची चित्रं जशीच्या तशी राहिली, ग्रॅफाइट पाण्यात विरघळत नाही. साध्या बॉलपेनचं लिखाणही वाचलं कारण ती शाई तेलकट असते. म्हणून टिकाऊ काही ठेवायचं असेल तर पेन्सिल, बॉलपेन नाहीतर वॉटरप्रूफ पिगमेंट शाईचं पेन. बाटलीतली इंडियन इंक फाउंटन पेनात घालू नका, तिच्यातल्या शेलॅकमुळं पेन आतून कायमचा चोंदतो, ती टाकानं किंवा ब्रशनंच वापरायची. आणि कधी वही भिजलीच तर ओली पानं ओढून सोडवायला जाऊ नका, फाटतात. आधी वही उभी करून पाणी निथळू द्यायचं, मग जिथं सहज उघडते तिथं कोरा टिपकागद नाहीतर टिश्यू घालत जायचं, भिजला की बदलायचा, सावलीत पंख्याखाली ठेवायचं, उन्हात नाही. लगेच जमणार नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये ठेवलेली वही थांबून राहते, बुरशी धरत नाही, सवडीनं सोडवता येते.

रंगांना इथली हवा दोन्ही टोकांना त्रास देते. जुलैत पान वाळतच नाही, वही मिटली की समोरच्या पानाला चिकटते, त्या दिवसांत रंगीत पेन्सिली वापरा. एप्रिलमध्ये उलट, वॉश पसरायच्या आत वाळतो आणि कडक कडा येतात, तेव्हा कागद आधी नुसत्या पाण्यानं ओला करून घ्या आणि मग रंग सोडा. डबीत ढीगभर रंग नकोत. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना एवढे दोन मिसळले तरी आभाळाच्या करड्यापासून ओल्या दगडाच्या काळ्यापर्यंत सगळं मिळतं, एक पिवळा जोडा म्हणजे शेवगा पण होतो. बरेच जण हौसेनं हळदच रंग म्हणून लावतात, आपल्या गावाला ते साहजिकच आहे, लावा, वास पण राहतो, पण हळदीचा पिवळा उजेडात टिकत नाही. मिटलेल्या वहीत बराच टिकतो, फ्रेम करून भिंतीवर लावलं तर उडतो. त्यावर चुन्याचं पाणी लागलं की लाल होतो, मुलाला करून दाखवा, तो खूश होईल.

घरातले लोक वही उघडून बघतात म्हणून मनातलं लिहिता येत नाही असं तुम्ही लिहिलंय. हे फार जणींचं आहे आणि त्यात चूक काही नाही, घरात वही दिसली की माणूस उघडतोच. दोन रस्ते आहेत. एक म्हणजे वही उलटी करून मागून सुरू करायची, पुढून सगळ्यांनी बघावी अशी चित्रं आणि मागून तुमचं, आणि घरच्यांना सरळ सांगायचं की मागचा भाग माझा आहे. तेही जमणार नसेल तर मोडी शिका. खरंच सांगतोय. मोडीचे वर्ग होतात, थोड्या महिन्यांत हाताला बसते, मराठीच असल्यामुळं विचार थांबत नाही, आणि आजकाल घरात कुणाला वाचता येत नाही. शिवाय मोडीची वळणं लिहिल्यानं चित्रातली रेषा सुद्धा सैल होते, हे मी मुलींच्या हातात बघितलंय. मुलगा वहीत रेघोट्या मारतो म्हणताय, त्याला समोरचं पान देऊन टाका. तुम्ही शेवगा काढाल, तो पण काढेल. तिसरीतलं पोर झाड काढताना काय महत्त्वाचं मानतं ते बघण्यासारखं असतं, आणि तो विसरला तर 'आई आज झाड राहिलं' असं तोच सांगेल.

सोशल मीडियावर टाकू का, तर निदान पहिला पावसाळा संपेपर्यंत नको. टाकलं की दुसऱ्या दिवशी आपण झाड बघत नाही, लाइक बघतो, आणि मग जे चांगलं दिसेल तेच काढायला लागतो. कुणाला दाखवायचं तर एका माणसाला दाखवा, समोर बसून, वही हातात देऊन.

दिवस चुकणार. लग्नसराई, मार्च एंडिंग, मुलाचा ताप, चार-आठ दिवस वही उघडली जाणार नाही. चुकलेल्या दिवसांची पानं कोरी सोडायची नाहीत आणि रविवारी बसून मागचं भरूनही काढायचं नाही. पुढच्या पानावर आजची तारीख टाकायची आणि सुरू. कोऱ्या पानांची रांग दिसली की वही उघडताना जीवावर येतं, तारखांमधलं अंतर दिसलं तर काही वाटत नाही, उलट मागं बघताना कळतं की त्या वेळी काहीतरी चाललं होतं. शेवगा तर तुमच्यासाठी थांबणार नाही, आठ दिवसांत त्याला फुलं आलेली असतील, आणि ते 'अरे कधी आली' म्हणून बघणंही वहीत यायला पाहिजे.

एवढं सगळं करून हात अडकलाय असं वाटलं तर दुसऱ्याचं चित्र समोर ठेवून नक्कल करा, त्यात कमीपणा नाही. आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात औंधला श्री भवानी वस्तुसंग्रहालय आहे, औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, त्यांनी १९३८ ला उभारलं. राजा रविवर्म्याची मूळ चित्रं तिथं बघायला मिळतात, हेन्री मूरचं आई आणि मुलाचं दगडी शिल्प आहे. मुलाला घेऊन एक दिवस जा. सगळं बघत धावू नका, एकाच चित्रासमोर थांबा आणि त्यातला फक्त एक हात नाहीतर पदराची एक चूण उतरवा, चित्रकारानं कडा कुठं ठळक ठेवलीय आणि कुठं सोडून दिलीय ते बघत. जाताना नुसती पेन्सिल न्या, शाई आणि रंग अशा ठिकाणी बाहेर काढू नयेत, आणि आत बसून काढायला चालतं का ते दारातच विचारून घ्या.